वन्संची शिकवणी

स्टुडिओत तिला सगळे पैलूताई म्हणत. फार वर्षांपूर्वी एका संगीतकाराने ओळख करून देताना ‘या आमच्या अष्टपैलू गायिका’ असं म्हटलं होतं. वादकांनी त्यातलं ‘अष्ट’ टाकून दिलं आणि ‘पैलू’ तेवढं ठेवलं. नाव चिकटलं ते चिकटलंच.

एकतीस वर्षं ती दुसऱ्यांच्या गाण्यांत गात होती. कोरसमध्ये डावीकडून तिसरी. मुख्य गायिकेला चाल ऐकवायला म्हणून आधी गाऊन ठेवायचं, ते कामही तिचंच. साबणाच्या जाहिरातीत ती शाळकरी मुलगी असे, रेडिओवरच्या नाटुकल्यात नव्वदीची म्हातारी. एका सिनेमात तर आई, मुलगी आणि पिंजऱ्यातली मैना, तिन्ही तीच होती. “पाण्याला रंग कुठला? ज्यात घालाल तो,” असं ती स्वतःबद्दल म्हणायची आणि त्यात तिला कमीपणा वाटत नसे. दहाला बोलावलं की पावणेदहाला डबा घेऊन हजर. कागद एकदा नजरेखालून घातला की दुसऱ्या टेकला काम खलास.

म्हणूनच चार ओळींच्या एका अंगाईने तिच्या नाकी नऊ आणले, तेव्हा सगळ्यांनाच नवल वाटलं.

सिनेमातली आई कपड्यांच्या घड्या घालता घालता तापलेल्या मुलीला झोपवते, असा प्रसंग होता. वाद्य एकही नाही. पैलूताईने गायलं. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने अंगठा वर केला. त्याच्या शेजारी बसलेली तरुण दिग्दर्शिका मात्र नख कुरतडत होती.

“काय झालं?” पैलूताईने विचारलं.

“छान झालं, ताई. तीच तर पंचाईत आहे,” ती म्हणाली. “या बाईला गाता येत नाही. आणि ते तिच्या गावीही नाही.”

“एवढंच ना!” पैलूताई म्हणाली आणि दुसऱ्या ओळीत सूर थोडा उतरवून गायली. मग आवाज घोगरा करून पाहिला. मग भलत्याच जागी श्वास तोडला. अकराव्या टेकनंतर संगीतकार हसत हसत आत आले.

“पैलूताई, तुमचं चुकणंसुद्धा सुरात आहे हो! दर वेळी तिथेच चुकता आणि तेवढंच.” मग तिचा चेहरा पाहून ते हळूच म्हणाले, “घरी जा. शुक्रवारी बघू.”

काम अर्धवट टाकून ती आयुष्यात पहिल्यांदाच स्टुडिओबाहेर पडली.

घरी वन्सं होत्या. नवऱ्याची नोकरी फिरतीची, सहा-सहा महिने तो बाहेर. त्यामुळे घर म्हणजे ती आणि तिची मोठी नणंद. स्वतःचे यजमान वारल्यावर वन्सं इकडे राहायला आल्या, त्याला आता चोवीस वर्षं झाली होती. मागच्या खोलीत त्यांचं शिवणयंत्र होतं. पडदे आणि शाळेचे गणवेश त्या शिवत, आणि शिवता शिवता गात. सुरांशी त्यांचं हाडवैर होतं.

त्या आल्या त्याच महिन्यात एकदा पैलूताई स्वयंपाकघरातून म्हणाली होती, “वन्सं, ते असं नाही, हे बघा असं,” आणि तिने तीच ओळ गाऊन दाखवली होती. तिच्या मनात काही नव्हतं. वन्सं “हो का?” एवढंच म्हणाल्या. त्यानंतर तिच्यादेखत त्या कधी गायल्या नाहीत. दाराला किल्ली लागली की मागच्या खोलीतलं गाणं थांबायचं. दोघींनाही हे माहीत होतं. दोघीही त्यावर कधी बोलल्या नाहीत.

त्या दिवशी पैलूताई दुपारीच परतली. तिने किल्ली पर्समधून काढली, पण कुलपात घातली नाही. आतून यंत्राची खडखड येत होती आणि तिच्यावर स्वार झालेलं गाणं. पायडल जोरात चाललं की गाणं पळायचं, शिलाई वळली की रेंगाळायचं. शब्द आठवला नाही तिथे ‘ला ला’ होतं. मध्येच त्याच चालीत “कात्री कुठे गेली मेली” असं येऊन गेलं.

तिने झटकन फोन काढला आणि दाराशी धरला. अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग झालं असेल नसेल, तोच तिची तिलाच लाज वाटली. ज्या बाईचं तोंड आपण बंद केलं, तिचंच गाणं आता दाराआडून चोरायचं? तिने ते पुसून टाकलं आणि बेल वाजवली. गाणं थांबलं.

“आज लवकर गं?” दार उघडून वन्सं परत यंत्रावर जाऊन बसल्या. पैलूताई त्यांच्या पाठोपाठ गेली.

“वन्सं, मला शिकवाल?”

“काय? काजं करायला?”

“गायला.”

वन्संनी ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून उशीला टोचल्या. “या वयात थट्टा नको गं.”

“थट्टा नाही. मला बेसूर गाता येत नाहीये.” शब्द तोंडातून गेले आणि तिने जीभ चावली.

वन्संचा चेहरा उतरला. “एकदा सांगितलं होतंस. ते पुरेसं होतं.”

पैलूताई खाली फरशीवर, कापडाच्या चिंध्यांत बसली. “तेव्हा मी बोलायला नको होतं. तुम्ही गायचं थांबवलंत, तेही मला कळत होतं. कळूनसुद्धा चोवीस वर्षं गप्प बसले, ते त्याहून वाईट.”

वन्संनी यंत्राच्या चाकावर हात ठेवला. “थांबवलं कुठे? तुझी पाठ वळली की गातेच की,” त्या म्हणाल्या. “राग नव्हता गं मला. लाज वाटायची. घरात एवढी गाणारी बाई, आणि मी आपली...” त्यांनी नाक पुसलं आणि ढिगातली एक पॅन्ट तिच्या मांडीवर टाकली. “शिकवायचं काय त्यात! मी काही गात नाही. हात चालतात, त्यांच्याबरोबर तोंडही चालतं. ही घे. पायाची पट्टी दुमडून हातशिलाई घाल. टाके वाकडे आले तर उसवायला लावीन.”

आणि खरंच लावलं, दोनदा. गाण्यात लक्ष गेलं की पैलूताईची सुई थांबायची. “गाण्याकडे नको बघूस, टाक्याकडे बघ,” वन्सं ओरडायच्या. संध्याकाळपर्यंत बोटं टोचून घेऊन तिने एक पाय पुरा केला. दुसऱ्या पायाला दोऱ्याची गाठ बसली. ती सोडवायच्या नादात अंगाई कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे तिला समजलंच नाही.

“हां! आत्ता कुठे!” वन्सं म्हणाल्या.

“आत्ता काय गायले मी?”

“मला काय विचारतेस? मला कुठे सूर कळतो!” यावर दोघींना इतकं हसू फुटलं की वन्संना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

शुक्रवारी पैलूताई आणखी एक पॅन्ट घेऊन स्टुडिओत गेली. “ताई, घरची कामं इथे?” म्हणत रेकॉर्डिस्टने माइक खाली घेतला. ती बुटक्या स्टुलावर बसली आणि तिने सुईत दोरा ओवला. दुसरी ओळ एका अवघड टाक्यापाशी विरून गेली, तिसरी भलत्याच सुरात उगवली. पट्टी संपल्यावर तिने मान वर करून विचारलं, “करायची का सुरुवात?”

“झालं, ताई,” दिग्दर्शिका काचेपलीकडून म्हणाली.  संगीतकारांनी फक्त हात जोडले.

सिनेमा लागला तेव्हा दोघी दुपारच्या खेळाला गेल्या. अंगाईचा प्रसंग आला. वन्सं पुढे सरकून, श्वास रोखून ऐकत होत्या. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई आपल्या मैत्रिणीला म्हणाली, “हिला गाता तरी येतं का गं?”

पैलूताईला अगदी धन्य वाटलं. पण वन्सं उठून गर्रकन मागे वळल्या.

“घड्या घालतेय ना ती? पोरगी तापाने फणफणलीय, दिसत नाही? तुम्ही गाऊन दाखवा बघू!”

“वन्सं, बसा हो!” पैलूताईने त्यांचा दंड धरून त्यांना खाली ओढलं. हसू आवरताना तिचे खांदे हलत होते.

बाहेर आल्यावर चहा घेतला तरी वन्संचा पारा उतरेना. ती बाई बोलली ते खरं तर कौतुकच होतं, हे पैलूताईने त्यांना परोपरीने सांगून पाहिलं. पण घर आलं तरी वन्संना काही ते पटलं नव्हतं.