तोंडचं पाणी

त्या दुकानात चष्म्यांपेक्षा फुशारक्याच जास्त खपतात, असं चष्मेवाल्याची बायको म्हणायची, आणि ती फारसं खोटं बोलत नव्हती. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता तो खिडकीतल्या घटपर्णीची गोष्ट सुरू करी. "पाहिलंत का? पानाच्या टोकाला लोंबतोय तो घट. वर झाकण, आत पाणी. कडेवर गोड रस सुटतो, मुंगी चाटायला येते, पाय घसरतो, की गेली आत! मग ते पाणी तिला हळूहळू पचवतं." नवा चष्मा अजून डोळ्यांवर चढलेला नसल्यामुळे गिऱ्हाइकाला धड काही दिसत नसे, पण ते मान हलवी.

याच फुशारकीवर विसंबून त्याच्या लेकीने काम अंगावर घेतलं होतं. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या फिल्मसाठी दिवे धरत आली. आता पहिल्यांदाच तिला स्वतःच्या नावाची फिल्म मिळाली होती, मुलांच्या विज्ञानमालेतली, छोटीशीच. "बाबांच्या दुकानात झाड आहे, मुंग्या रोज पडतात," असं तिने माला काढणाऱ्या बाईंना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. फिल्म आज संध्याकाळपर्यंत पोचवायची होती. घट कसा फुगतो, झाकण कसं उघडतं, सगळं टिपून झालं होतं. घोडं पेंड खात होतं ते एकाच जागी. मुंगी काही पडत नव्हती.

मुंग्या येत नव्हत्या असं नाही. भिंतीच्या फटीतून ओळीने यायच्या, सासुरवाडीला आलेल्या जावयाच्या ऐटीत कडेवर बसायच्या, पाहुणचार झोडायच्या आणि आल्या वाटेने परत जायच्या. दुसऱ्या दिवशी आणखी नातेवाईक घेऊन हजर! मुंग्यांची वर्दळ वाढत गेली आणि घटातलं पाणी होतं तसंच राहिलं. लेक कॅमेऱ्याला डोळा लावून आठवडाभर ताटकळत होती.

"बाबा, तुम्ही खरंच पाहिलंय ना मुंगी पडताना?" तिने सकाळीच विचारलं.

"म्हणजे काय! या डोळ्यांनी पाहिलंय."

"चष्मा लावून की न लावता?"

तो हसला खरा, पण शब्द जिव्हारी लागला. वर ती म्हणाली, "आणि आता मध्ये मध्ये करू नका. माझं काम मला करू द्या." त्याने दुकानाचं दार अर्धं लोटलं आणि तो काउंटरमागे जाऊन बसला. मुलीची पहिली फिल्म बुडणार आणि ती आपल्या बडबडीपायी बुडणार, हे त्याला पुरतं कळलं होतं.

दुपारी बाईंचा फोन आला. लेक बोलायला आतल्या खोलीत गेली. "हो बाई, संध्याकाळपर्यंत... नाही, तेवढाच तुकडा राहिलाय..." तिचा आवाज पडलेला होता. चष्मेवाल्याला ते ऐकवेना. तो उठून झाडापाशी आला आणि त्याला कडेवर एक डाग दिसला.

आता या माणसाचं एक सांगायलाच हवं. डाग दिसला की त्याचा हात आपोआप खिशातल्या मऊ फडक्याकडे जातो. होणाऱ्या बायकोला पहिल्यांदा भेटला, तेव्हा आधी तिच्या नाकावरचा चष्मा काढून पुसून दिलेला माणूस हा. चित्रण सुरू झाल्यापासून तो रोज सकाळी, लेक यायच्या आत, घटाची कड लख्ख पुसून ठेवत होता. रात्रीची ओल धरलेली असे, फिल्ममध्ये घाण दिसायला नको! लेकीला मदत करायची ती गाजावाजा न करता, असा त्याचा हिशेब.

त्याने फडकं काढलं, वाकला आणि काचेवर सोडतो तसा कडेवर तोंडातून वाफारा सोडला. "हाऽऽ."

"बाबा! काय करताय? हात लावू नका!" लेक दारात उभी होती.

फडकं हवेतच थांबलं. खाली कडेवर एक मुंगी निवांत रस चाटत होती. तिचा मागचा पाय सरकला. मग दुसरा. ती सावरायला गेली, आणखी सरकली, क्षणभर एका पायावर लोंबली आणि टुपकन पाण्यात!

लेक दोन ढांगांत कॅमेऱ्यापाशी पोचली.

"बाबा, आत्ता काय केलंत?"

"काही नाही गं, पुसत होतो. रोज पुसतो तसं."

"रोज?"

"सकाळी ओल असते ना. डाग पडतात."

लेकीने कपाळाला हात लावला. मग तिचे डोळे एकदम मोठे झाले. "कड ओली असली तरच घसरतात! कोरडी असली की पायाला पकड मिळते. मी वरून दिवे लावून ती आणखी वाळवली. आणि तुम्ही... अहो, घाबरवून माणसाच्या तोंडचं पाणी पळवतात, तुम्ही तर फडक्याने घटाच्या तोंडचं पाणी पळवलंत!"

चष्मेवाला ओशाळला. पण लेक रागावलीच नव्हती, ती जागच्या जागी उड्या मारत होती. तिने दिवे खटाखट बंद केले, उजेडासाठी खिडकीचा पडदा बाजूला सारला, कॅमेरा सुरू केला. "करा, पुन्हा करा! हाऽऽ करा!"

त्याने केलं. एक मुंगी गेली. पुन्हा केलं, दोन गेल्या. म्हाताऱ्याला भोवळ यायला लागली तरी थांबेना. शेवटी लेकीनेच काउंटरवरची फवाऱ्याची बाटली विसळली, साधं पाणी भरलं आणि त्याच्या हातात दिली. "हळू. जवळून नको. नुसती ओल धरू दे."

पाण्याचे बारीक कण कडेवर बसले, कड चकाकली. आणि तेवढ्यात फटीतून पाहुण्यांची वरात निघाली. आठवडाभर फुकटचं खाऊन घरी सुखरूप परतलेल्या मुंग्यांनी साऱ्या गोताला सांगून ठेवलं होतं की जागा भरवशाची आहे. पहिली कडेवर चढली आणि घसरली. मागचीला पत्ताच नाही, तीही घसरली. तिसरी, चौथी, मग एकदम पाच-सहा! पाण्यावर टपटप तरंग उठत होते. आपण पुसून पुसून घात केला असं जो समजत होता, त्यानेच आठवडाभर या मेजवानीची आमंत्रणं वाटली होती.

"गेली गं, गेली! ती पण गेली!" चष्मेवाला बाटली उंचावून ओरडला. लेकीने एका हाताने कॅमेरा धरला आणि दुसऱ्याने त्याचं मनगट घट्ट पकडलं. तीही ओरडत होती.

संध्याकाळी फिल्म गेली. दोघंही फोनकडे बघत बसली. तो वाजला तशी लेकीने आवाज मोठा केला.

"अगं, मी खुर्चीतून उठले!" बाई म्हणाल्या. "इतक्या मुंग्या एकदम! पण मागे कोण ओरडतंय?"

चष्मेवाल्याने मान खाली घातली. "काढून टाक म्हणावं, मी मध्ये मध्ये केलं," तो पुटपुटला.

"तो आवाज राहणार, बाई," लेक म्हणाली.

"राहू दे की, मुलंही असंच ओरडतील. पण कसं जमवलंस तू हे?"

"जमवलंस नाही, जमवलंत म्हणा," लेकीने बापाकडे बघत सांगितलं. "आम्ही दोघं होतो."