कय्युमचा कंट्रोलर

"कय्युमभाई, निधनाचं पण येगळं करू का?" वर्षाराणीनं विचारलं आणि कय्युमच्या पोटात दुखलं.

बीडच्या या बातम्यांच्या साइटसाठी त्यानं आठ वर्षांपूर्वी एकच कंट्रोलर लिहिला होता. कंट्रोलर म्हणजे साइटचा कारभारी, मागेल त्याला हवं ते पान देणारा. बातमी, बाजारभाव, वाढदिवस, निधन, सगळं या एकट्याच्या गळ्यात. तो सारखा कुठंतरी अडायचा आणि मालक सुंदररावांचा फोन यायचा, "कय्युम, कुठं हायेस बे? तुझ्याबिगर पान हलंना!" त्या फोनवर कय्युम जगत होता.

मग चकलांब्याची ही वर्षाराणी कामाला आली. तिनं बातमीला वेगळा कारभारी दिला, बाजारभावाला वेगळा, आणि साइट अडायची थांबली. फोनही थांबला. चहा सांगताना सुंदरराव आता आधी तिला विचारत. कय्युमला तो चहा कडू लागायचा.

"वाढदिवस आन् निधन माझ्याकडंच राहू दे," तो म्हणाला. "समदंच कावून पायजे तुला?"

आपल्यालाही नवं काही जमतं हे तिला दाखवायचंच होतं. त्याच दिवशी त्यानं वाढदिवसाच्या पानाखाली 'शुभेच्छा द्या' असं बटण बसवलं. सुंदररावांनी पाठ थोपटली. स्वारी संध्याकाळपर्यंत हवेत होती.

दुसऱ्या दिवशी पालीचा सोमेश्वर मोबाइल पुढं धरून ऑफिसात आला. त्याच्या वडलांच्या निधनाच्या बातमीखाली तेच बटण होतं. फोटो दिसला की दाबायचं, या सवयीनं गावानं न वाचताच दाबलं होतं आणि वडलांच्या फोटोखाली शुभेच्छांचा ढीग पडला होता. दोन्ही पानं एकाच कंट्रोलरमधून जात होती आणि निधन वगळायचं कय्युम विसरला होता.

"माय सकाळपासून इचारायली, लोक कावून खूश झालेत," सोमेश्वर म्हणाला.

सुंदरराव लालबुंद झाले. "कोनाचं काम हाय हे?"

"माझ्याकडूनच राह्यलं, सर," वर्षाराणी पटकन म्हणाली. "मी तपासायला पायजे होतं."

कय्युमला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण आत नुसता जळफळाट झाला. फोन नेला, चहा नेला, आता हिला हेही पाहिजे!

"न्हाई," तो उठून उभा राहिला. "ते माझं हाय. मी एकट्यानं केलतं."

सोमेश्वर मग तोंडाला येईल ते बोलला. कय्युम मान खाली घालून ऐकत राहिला. किती तरी दिवसांनी त्या ऑफिसात कुणीतरी फक्त त्याच्याशी बोलत होतं.