नवव्या कथेची तारीख

"'यंत्राने श्वास रोखला', स्वल्पविराम, 'आणि शहर मुके झाले', पूर्णविराम. नवा परिच्छेद. बघतेस ना गं?"

मित्रांनो, हा आवाज मी ऐकला तेव्हा मला पुठ्ठा नव्हता, शिवण नव्हती, नावसुद्धा नव्हतं. शाईचा वास मारणारा प्रुफांचा एक गठ्ठा होतो मी. आज मी एक जुना ग्रंथ आहे. विज्ञानकथा लिहिणाऱ्या एका लेखकाच्या समग्र कथांचा पहिला खंड. माझ्या पोटात एकवीस कथा आहेत, ज्या क्रमानं लिहिल्या गेल्या त्याच क्रमानं लावलेल्या. हा क्रम हाच माझा कणा. आणि त्याच कण्यात इतकी वर्षं एक कळ आहे.

तो आवाज काकूंचा, म्हणजे लेखकाच्या पत्नीचा. लेखक तेव्हा हयात नव्हते. माझ्या संपादक बाई कॉलेजात शिकवायच्या. माणूस भेटला की 'कसे आहात' विचारायच्या आधी 'ते नक्की कधीचं?' असं विचारायची त्यांना खोड. म्हणून काकूंनी त्यांचं नाव ठेवलं होतं तारीखबाई. एकेक कथा कधी लिहिली हे शोधायला बाईंनी आठ वर्षं घातली. जुनी मासिकं चाळली, पाकिटांवरचे शिक्के भिंगाखाली धरले. प्रत्येक कथेची एक चिठ्ठी केली आणि सगळ्या चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यात ओळीनं लावल्या.

प्रुफं तपासताना काकू मूळ प्रतीतून मोठ्यानं वाचायच्या आणि बाई माझ्यावर नजर ठेवायच्या. काकू विरामचिन्हंसुद्धा ओवी म्हणावी तशा लयीत म्हणायच्या. वाचता वाचता नववी कथा संपली. शहरातलं टेलिफोनचं यंत्र एक दिवस कुणाशीच बोलायचं नाही असं ठरवतं, ती ही कथा. शेवटी तारीख होती. तिथं काकूंचा आवाज अडला.

"काय झालं, काकू?"

"काही नाही. चष्मा पुसते जरा."

चष्मा स्वच्छ होता, मित्रांनो. मी त्याच्या खालीच होतो, मला त्यात माझं पान दिसत होतं. मग त्यांनी दिवस वाचला, महिना वाचला, साल वाचलं. पूर्णविराम म्हणायचा मात्र राहिला.

त्या दिवसापासून माझ्या मनात पाल चुकचुकत राहिली.

कारण त्या तारखेनंतर चार वर्षांनी लेखकाच्या शहरातले सगळे फोन खरोखरच एक दिवसभर बंद पडले होते. लेखक तिथल्याच टेलिफोनघरात इंजिनियर होते. म्हणजे घडण्याच्या चार वर्षं आधी त्यांनी ते लिहून ठेवलं होतं! बाईंनी माझ्या प्रस्तावनेत त्यावर पंधरा पानं लिहिली. मी छापून आलो, निळ्या कापडी बांधणीत मिरवलो. सभांमध्ये मला उंच धरून लोक म्हणायचे, "बघा, याला म्हणतात दूरदृष्टी." टाळ्या पडल्या की माझी पानं आक्रसून यायची. वाटायचं, ही तारीख खोटी निघाली तर माझा क्रम गेला, बाईंची आठ वर्षं गेली, आणि लेखकाचं नाव तर आधी गेलं.

माझ्यात एक लहानशी टीपही आहे. लेखक कच्चं लिहायचे ते शिसपेन्सिलीनं, मिळेल त्या कागदावर. काकू ते शाईनं पक्कं लिहून काढायच्या आणि खाली तारीख घालायच्या. अठराव्या कथेपासून मात्र पक्की प्रतही लेखकाच्याच कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात आहे. बाईंनी तळाशी टीप दिली होती: 'येथून पुढे प्रत लेखकाच्याच हातची. कारण कळत नाही.'

वर्षं सरली. कौतुक आटलं. बाईंच्या टेबलावर मी टेबलपंख्याखाली टेकू म्हणून गेलो, पंख्याचा वारा नीट तोंडावर यावा म्हणून. बूड झिजलं, निळा रंग विटला. खरं सांगू? मला ते बरंच वाटत होतं. पंख्याखालच्या पुस्तकाला कोणी तारीख विचारत नाही.

मग प्रकाशकांनी नवी आवृत्ती काढायचं ठरवलं आणि चुका कळवा म्हणून जाहीर केलं. पहिलंच पत्र आलं एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाईंचं.

'नवव्या कथेत बिघाड दाखवणारी एकोणीस तांबड्या दिव्यांची पाटी आहे,' त्यांनी लिहिलं होतं. 'ती पाटी फोन बंद पडले त्या दिवसानंतर बसवली. त्याआधी आमच्याकडे नुसती घंटा होती. बारा वर्षं त्या दिव्यांसमोर बसून मी अख्ख्या खानदानाचे स्वेटर विणले, माझी मोजणी चुकायची नाही. लेखकांना पुढचं दिसत असेल. पण दिवे मोजण्याइतकं?'

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मला पंख्याखालून ओढलं, पदरानं पुसलं. मग खोक्यातली नववी चिठ्ठी उचलली आणि फोन बंद पडल्यानंतरच्या कथांमध्ये तिची जागा शोधू लागल्या. ती जाऊन बसली नेमकी अठरावीच्या आधी. बाईंनी माझी टीप उघडली. 'कारण कळत नाही.' बराच वेळ त्यांचं बोट त्या तीन शब्दांवरून हललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कापडी पिशवीतून मी काकूंकडे गेलो. कथा हलवली तर माझी शिवण उसवणार, आणि नाही हलवली तर मी जन्मभर खोटं सांगत बसणार.

काकू मटार सोलत होत्या. वयानं वाकल्या होत्या, जीभ तशीच होती.

"ये गं तारीखबाई. आज कुणाचं साल चुकलं?"

"बहुतेक माझंच, काकू."

बाईंनी पत्र वाचून दाखवलं. काकू ऐकता ऐकता हसल्या. "एकोणीसच. ह्यांनीच तर बसवले ते. घरी येऊन मला मोजून दाखवायचे, ताटावर मटार मांडून."

मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. शेंग हातातच राहिली.

"नवव्या कथेला टीप द्यावी लागेल, काकू," बाई हळूच म्हणाल्या.

"काय लिहिशील?"

"लेखकानं तारीख मागची घालायला सांगितली, एवढंच. दुसरं कोण सांगणार?"

"म्हणजे हे खोटारडे."

"टिपेत तसा शब्द नसतो."

"नसेना का. वाचणारे काय दूधखुळे आहेत?"

मित्रांनो, पुस्तक जपा म्हणतात ते नुसतं कव्हर घालून होत नाही. शंका आली तर त्या ऑपरेटर बाईंसारखं लिहून विचारा. लिहिणाऱ्याला विचारा, त्याच्या घरच्यांना विचारा, ती माणसं आहेत तोवर विचारा. मी कागद आहे, मला फाटायचं भय असतं. पण त्या दुपारी मला वाटलं, फाटलो तरी चालेल, पण कोणीतरी बोला.

काकूंनी ताट बाजूला सारलं.

"मासिकवाल्यानं परत पाठवली होती ती. घडून गेलेलंच लिहिलंय, यात नवल काय, म्हणाला. ह्यांनी चुरगाळून टाकली. मी उचलली, पुन्हा पक्की लिहिली, चार वर्षं आधीची तारीख घातली आणि दुसरीकडे धाडली. ह्यांना विचारलं नाही. छापून आली तेव्हा ह्यांनी तारीख वाचली, माझ्याकडे एकदा बघितलं. दुसऱ्या दिवसापासून आपलं आपण पक्कं लिहायला लागले. लोक वाहवा करायचे आणि हे खाली मान घालून बसायचे. माझं नाव कधी घेतलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं गं."

बाईंनी पेन्सिल काढली. काकूंनी मला ओढून मांडीवर घेतलं, नववी कथा उघडली, शेवटच्या ओळीखाली बोट टेकवलं. आवाज तोच होता, लयही तीच.

"लिही. 'कथा ह्यांची आहे', स्वल्पविराम, 'तारीख माझी आहे'. पूर्णविराम."