लोकल आयडी

संयोगितानं आधार कार्ड काउंटरवर आपटलं.

"परत वाचा. बुकिंग कन्फर्म आहे माझं."

"बुकिंग आहे हो मॅडम. पण पत्ता बघा की. गडहिंग्लज." काउंटरमागच्या उदयसिंहनं कार्ड एका बोटानं तिच्याकडे सरकवलं. डोक्यावर केसांचा बुचडा, अंगात हॉस्टेलचा टी-शर्ट. "लोकल आयडी आपल्यात चालत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुणालाच बेड देत नाही आम्ही."

त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलं होतं, 'या पावणं!' हॉस्टेलचं नावच 'पावणं'. शेजारी फेटा बांधलेला मिशीवाला हात जोडून हसत होता. त्या मिशीवाल्याचाही संयोगिताला राग आला.

मनाली, हंपी, गोकर्ण, वाराणसी. दोन वर्षं ती लॅपटॉपवर काम करत अशाच हॉस्टेलांतून राहिली होती. परक्या बायकांच्या घोरण्यात झोपली होती. कुणी कुठं अडवलं नव्हतं. आणि इथं, स्वतःच्या मुलखात, हा टिकोजीराव तिला नाही म्हणत होता.

"कारण काय पण?"

"लोकल पोरं येऊन दंगा करतात. पार्ट्या करतात. मग पोलीस येतात, आमच्या डोक्याला ताप."

"मी एकटी आहे. दंगा करायला मला वेळ नाही."

"मग घरला जावा की. गडहिंग्लजला गाड्या चिक्कार हायत."

घरला जावा! जाण्यासारखं असतं तर ती इथं कशाला तोंड वाजवत उभी राहिली असती? दोन वर्षांपूर्वी वडिलांनी, आबांनी, तिला न विचारता स्थळ पक्कं केलं होतं. सुपारीच्या दिवशी पहाटे ती मागच्या दारानं निघून गेली. तेव्हापासून आबांशी एक शब्द नाही. आता आई पाय मोडून प्लास्टरमध्ये पडली होती. उद्या आबा दुकानात गेले की मागच्याच दारानं आत शिरायचं, आईजवळ बसायचं आणि ते जेवायला यायच्या आत निघायचं, असा बेत होता. स्वतःच्या घरात चोरासारखं. त्यासाठी आजच्या रात्रीपुरता एक बेड हवा होता. स्टँडजवळच्या लॉजवाल्यांनी एकटी मुलगी बघून आधीच माना हलवल्या होत्या.

मागून एक नागपूरचा प्रवासी आला. त्यानं कार्ड दाखवलं, चावी घेतली आणि शीळ घालत जिना चढून गेला.

संयोगिताच्या कानशिलाची शीर उडायला लागली. बाहेर राहून ती गावाकडच्या बायकांचं 'येतो, जातो' सोडून जपून 'येते, जाते' बोलायला शिकली होती. ते सगळं क्षणात गळून पडलं.

"भितीवर 'या पावणं' लिवलंय आनि दारातल्या माणसाला हाकलतोस व्हय रं? कुठं जाऊ मी आता? रंकाळ्यावर झोपू?"

"अवो, आवाज कमी करा की."

"न्हाय करत! माझ्याच जिल्ह्यात मला जागा न्हाय म्हनतोस आनि वर आवाज कमी करू?"

उदयसिंहनं जिन्याकडे बघितलं. वरून दोघंतिघं वाकून बघत होते.

"एक करता येईल," तो पडत्या आवाजात म्हणाला. "घरी फोन लावून द्या. घरचे चालतंय म्हणाले तर देतो बेड."

"चोवीस वर्षांची घोडी हाय मी!"

"माझ्या हातात तेवढंच आहे, मॅडम."

दात खात तिनं आईचा नंबर लावला. आई सांभाळून घेईल. स्पीकर चालू करून तिनं फोन काउंटरवर टाकला.

"नमस्कार काकी," उदयसिंह म्हणाला.

"कोन काकी? कोन बोलतंय?"

आबांचा आवाज. संयोगिताचा हात फोनकडे गेला आणि मध्येच थांबला. आईचा फोन आता त्यांच्याकडेच असणार, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"काका, मी कोल्हापुरातनं हॉस्टेलवरनं बोलतोय. संयोगिता तुमचीच मुलगी ना?"



"काय झालंय तिला?"

"काही नाही. राहायला आल्यात. पण आम्ही लोकल माणसांना बेड देत नाही. तुम्ही चालतंय म्हणाला तर..."

"ती लोकल न्हाय."

"पण आधारवर गडहिंग्लज..."

"कागदावर कायबी असूंदे. दोन वर्सं झाली मागल्या दारानं गेल्याली. हितली न्हाय ती आता. पावणी हाय."

संयोगिता काउंटरची कड घट्ट धरून उभी राहिली. उदयसिंहचा मात्र जीव भांड्यात पडला.

"म्हणजे बाहेरची म्हणून देऊ बेड?"

"दे की. पर मला एक सांग," आबांचा आवाज चढला. "पावणी दारात आल्यावर घेऊ का नको, ह्ये तू फोन करून इचारतोस व्हय रं? आयबानं शिकवलंय का न्हाय काय तुला?"

उदयसिंहचे कान लाल झाले. त्यानं गुमान चावी काढून तिच्यापुढे ठेवली.

तिनं चावीला हात लावला नाही. फोन उचलला.

"आबा, मी हाय. सगळं ऐकलंय मी."

स्पीकर तिनं तसाच चालू ठेवला.

"पावणी म्हणालासा न्हवं? दारातनं परत लावत न्हाईत म्हणालासा न्हवं?" तिचा आवाज फुटत होता, तरी तिनं तो खाली येऊ दिला नाही. "मग येतो मी. आत्ताच्या गाडीनं येतो. पाया पडायला न्हवं. भांडायला येतो."

वरची माणसं अजून वाकून बघत होती. बघू देत. तिनं एका हातानं सॅक पाठीवर ओढली. पट्टा पिळला गेला, तो तसाच राहिला.

"भांड की," आबा म्हणाले. मग घसा खाकरून, तितक्याच रागानं, "पर म्होरल्या दारानं ये."