उतारावरचे आठ चेंडू

मी आमच्या कॉलेजच्या हॉकी संघाची राखीव गोलकीपर. म्हणजे खेळणाऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या राखायच्या. विषय संख्याशास्त्र, म्हणून आमचे प्रशिक्षक विनायक सर यांनी हातात नोंदींची वहीही दिली. त्र्याण्णव साल होतं, आणि पनवेलच्या मैदानावर सरांचा एकच घोष असे, "चेंडू लांब मारा आणि पळा!"

भामाला ते कधीच पटलं नाही. ती उरणकडची, कोळ्यांची पोर. चेंडू स्टिकला चिकटवून तिघी-चौघींमधून अशी निघायची, की मी नोंद करायला विसरायचे.

"तिच्या नादात आपण सामने घालवतो," सर म्हणाले. "आकडे काढ, कुमुद. काय ते कळू दे."

शनिवारी विद्यापीठाचा संघ निवडणारे येणार होते. भामाचं हे शेवटचं वर्ष. त्या दिवशी बाहेर बसली की संपलंच.

मी आमच्या मैदानावरच्या सहा सामन्यांची वही उघडली. लांब मारलेले चेंडू पन्नास, त्यातून गोलवर फटके पंधरा. स्टिकवर खेळवत नेलेले चाळीस, त्यातून फटके दहा. तीनदा मोजलं, लांब मारणंच सरस. आकडे लपवावेसे वाटले, पण मला खोटेपणा जमत नाही. सरांना दाखवले आणि गुरुवारी भामाचं नाव संघातून गेलं.

"तू लिवलंस ना?" तिने विचारलं.

"आकडेच तसे आहेत."

"तुज्या आकड्यांना मैदान ठावं हाय का? चढानं चेंडू नेऊन नेऊन माजे हात गेले, कुमे."

मला आधी राग आला, मग लाज वाटली. आमचं मैदान एका बाजूला उतरतं, हे तिथे चरणाऱ्या गाढवालाही ठाऊक. पहिला हाफ सर नेहमी उताराच्या दिशेने मागून घ्यायचे आणि चेंडू लांब मारण्याचा सपाटा असायचा तो तेव्हाच. दुसऱ्या हाफमध्ये चढ लागला, मारलेले चेंडू अर्ध्यातच थांबू लागले, की ओरडायचे, "भामा, तू घेऊन जा!" सहा सामने मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि सगळ्याची एकत्र बेरीज केली. म्हणे संख्याशास्त्र!

नशीब, हाफ संपला की वहीत आडवी रेघ मारायची सवय होती. पुन्हा मोजलं. उतारावर लांब मारलेले चाळीस, फटके चौदा. खेळवत नेलेले आठ, फटके चार. चढावर लांब मारलेल्या दहांत एक, नेलेल्या बत्तिसांत सहा. दोन्हीकडे नेणंच सरस होतं.

शनिवारी सकाळी वही सरांपुढे धरली. "माझी चूक झाली, सर."

त्यांनी रेघेवरच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "उतारावरचे आठच आहेत गं. फार थोडे."

"थोडेच आहेत. आज वाढवूया."

खिशातलं पेन काढून सरांनी यादीत भामाचं नाव लिहिलं. नाणेफेक जिंकून नेहमीसारखा उतार मागितला आणि मग ओरडले, "भामा, तू घेऊन जा!"

ती निघाली. एक चुकवली, दुसरी चुकवली, आणि सणसणीत फटका गोलकीपरच्या पॅडवर आदळला. गोल झाला नाही. पण निवडणाऱ्यांपैकी एक बाई खुर्चीतून उठल्या. परत येता येता भामाने माझ्याकडे बघून स्टिक उंचावली.

"कुमे, लिव!"

माझे डोळे भरून आले होते, तरी या वेळी विसरले नाही. उतार, नेलेले नऊ, फटके पाच.