धाकट्याचा एक्स-रे

मी एका सायकलचा सांगाडा बोलून राहिलो. चाकं, सीट, घंटी हे सगळे माझ्याकडे आलेले पाहुणे. येतात, झिजतात, जातात. मी टायटॅनियमचा. मला गंज चढत नाही, लोहचुंबक चिकटत नाही, अन् जबलपुरातल्या एकाही भंगारवाल्याला मला कोणत्या ढिगात टाकावं ते कळत नाही.

जन्म परदेशातला. टायटॅनियम तापलं की हवेला हपापतं, अन् हवा लागली की आतून कडक होऊन पुढे कधीतरी तडकतं. म्हणून आमच्या नळ्या जोडताना बाहेरून अन् आतून, दोन्हीकडून आर्गन गॅस सोडतात. चांगला जोड चांदीसारखा दिसतो. गव्हाळ झाला तरी चालतो. निळा पडला तर समजायचं, हवेनं तोंड घातलं.

माझे सगळे जोड चांदीचे. फक्त शेवटच्या जोडाच्या वेळी जेवणाची घंटी झाली. वेल्डरनं माझ्या पोटातला गॅस संपत आलेला बघितला, घड्याळ बघितलं, अन् जोड मारून टाकला. तो निळा पडला. त्यानं बाहेरून घासून चकचकीत केला अन् गेला. आतला निळा डाग तसाच राहिला. त्या दिवशी जेवायला काय होतं ते मला आजवर कळलं नाही. निदान चांगलं असावं.

हे गुपित पोटात घेऊन मी विजय नगरात श्रीकांतकडे आलो.

श्रीकांत सत्तावीस वर्षांचा, ऑफिसात दिवसभर बसणारा, अन् म्हणून रविवारी मला घेऊन भेडाघाटपर्यंत पळणारा. त्याचे आईबाबा नोकरीपायी कटनीला. घरात तो, त्याचे आजोबा चिंतामणराव अन् आजी कुसुमबाई. चिंतामणराव फॅक्टरीतून रिटायर झालेले वेल्डर. छत्तीस वर्षं आर्गनवर हात. मी आलो त्या दिवशी त्यांनी फ्रिजवरचा लोहचुंबक काढून मला लावला. तो खाली पडला.

"टायटॅनियम आहे आबाजी," श्रीकांत म्हणाला.

"फॅक्टरीत दोनदा हाती आलं होतं. लई नखऱ्याचा माल आहे."

एवढं बोलून त्यांनी चुंबक फ्रिजवर परत लावला. आमची ओळख तेवढीच राहिली असती, पण तीन महिन्यांनी चिंतामणराव बल्ब बदलायला स्टुलावर चढले. बल्ब लागला. मांडीचं हाड मोडलं.

डॉक्टर म्हणाले, रॉड टाकावा लागेल. स्टीलचा टाकू की टायटॅनियमचा? टायटॅनियमचा बरा.

"स्टीलचा टाका," चिंतामणराव म्हणाले. "ओळखीचा आहे."

श्रीकांत घरी आला, माझी चाकं काढली अन् मला खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात शिरला. नर्सनं दारातच अडवलं.

"ये क्या है? ये अंदर नहीं जाएगा."

"पेशंट का रिश्तेदार होने वाला है, दीदी," श्रीकांत गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

ती विचार करत राहिली, तोवर आम्ही आत. श्रीकांतनं मला पलंगावर ठेवलं. "आबाजी, ह्याला भेडाघाटच्या रस्त्यानं आपटून आपटून नेतो मी. कधी कुरकुरला का? हा गंजत नाही, तुटत नाही. माझी गॅरंटी."

चिंतामणरावांनी मला नखानं टिचकी मारली. मी जमेल तेवढ्या प्रामाणिकपणे वाजलो. निळ्या डागाचं बोललो नाही. मला बोलता येत नव्हतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे सासरकडच्यांसमोर माणूस आपले दोष सांगत नाही.

"टाका म्हण डॉक्टरला," ते म्हणाले.

ऑपरेशन होऊन ते घरी आले तेव्हा कुसुमबाईंनी दारात त्यांना ओवाळलं अन् मग ताट माझ्याकडे वळवलं. "यालाही घे ग बाई, आता घरचाच झाला," असं त्या स्वतःशीच बोलल्या. मांडीतला रॉड तो थोरला अन् मी धाकटा, हे नातं चिंतामणरावांनी ठरवलं. रोज सकाळी ते माझ्या दांडीवर हात ठेवायचे. "काय धाकट्या, ठीक?" मग थोरल्याला घेऊन उठायचे. आधी वॉकर, मग काठी. खोलीतून अंगणात, अंगणातून गेटपर्यंत.

अन् मग एका रविवारी भेडाघाटहून परतताना माझ्या बुडात कट् झालं.

पायडलची धुरी बसते त्या घरापासून मागे जाणारी दांडी, तिथेच तो निळा जोड. त्याला लागून केसाएवढी फट. श्रीकांतनं बोट फिरवलं अन् त्याचा चेहरा पडला. माझ्यासाठी पडला असं मला वाटलं होतं. पण तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, "आबाजीला कळलं तर मेलो."

त्यानं फटीवर काळी टेप गुंडाळली. चिंतामणरावांनी दुसऱ्याच सकाळी पकडलं.

"टेप काहून लावली?"

"स्टाइल आहे आबाजी. आजकाल सगळे लावतात."

"अच्छा." त्यांनी नखानं टेपचं टोक उचललं अन् सावकाश सोलली. बघितलं. मग काठी भिंतीला टेकवली, पलंगावर जाऊन आडवे झाले अन् चादर छातीपर्यंत ओढली.

"अहो, काय झालं?" कुसुमबाई आल्या.

"धाकटा गेला. थोरल्यातही हाच माल आहे. आता पाय जमिनीला लावायचा नाही."

छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या भेगा बघितलेला माणूस, पण भेग आपल्या मांडीत असू शकते म्हटल्यावर त्यांना पुढचं काही दिसेना. चार दिवस झाले, आठ झाले. डॉक्टरनं नवा फोटो काढून सांगितलं की रॉड ठणठणीत आहे. "धाकटाही ठणठणीतच वाजला होता," चिंतामणराव म्हणाले. मग डॉक्टर श्रीकांतला बाजूला घेऊन म्हणाले, आणखी महिनाभर असे पडून राहिले तर गुडघा धरेल, अन् मग हे कधीच चालणार नाहीत.

कुसुमबाईंनी रागवून बघितलं, रुसून बघितलं, शेवटी पोह्यांची बशी मुद्दाम लांबच्या टेबलावर ठेवून बघितली. चिंतामणरावांनी पोहे सोडले. तेव्हा त्या खऱ्या घाबरल्या.

"याला सांधून आण बाबा," त्या माझ्याकडे बोट दाखवून श्रीकांतला म्हणाल्या. "हा उभा राहिला तर ते उभे राहतील."

श्रीकांत मला घेऊन कमानिया गेटच्या आसपास दुकानं फिरला. प्रत्येकानं आधी लोहचुंबक लावला. एक म्हणाला अल्युमिनियम आहे, एक म्हणाला चीनचा माल आहे, अन् एकानं मला कानाला लावून सांगितलं की आतून हवा बोलून राहिली. जोडायला कोणी तयार होईना. घरी आल्यावर कुसुमबाईंनी टाकीची गळती बुजवायचा लेप मळून माझ्या फटीत भरला. वर कुंकवाचं बोटही लावलं. सगळ्यात जास्त आराम मला त्यानंच वाटला, पण इंजिनियरिंगच्या दृष्टीनं त्याला अर्थ नव्हता.

शेवटी श्रीकांतला सुखराम आठवला. फॅक्टरीत चिंतामणरावांच्या हाताखाली शिकलेला, आता दुधाच्या टाक्या बनवायचं वर्कशॉप चालवणारा. त्याच्याकडे आर्गनची मशीन होती. सुखराम घरी आला, मला उलटं करून बघितलं अन् पलंगाशी खुर्ची ओढून बसला.

"उस्ताद, टेन्शन काहून घेता? आधे घंटे का काम है."

चिंतामणरावांनी डोळे उघडले. "किती?"

"आधा घंटा. चाय पीते पीते कर दूँगा."

"टायटॅनियम?"

"हाव."

"आतून गॅस कोण भरेल?"

"बाहर से मार देंगे ना उस्ताद. दिखता कौन है अंदर?"

माझ्या पोटातला डाग आणखी निळा झाला असावा.

चिंतामणरावांनी चादर फेकली. "सुख्या, तुझ्या हाताला पहिल्यापासून धीर नाही! टाके मारतो तू, कोंबडी दाणे टिपते तसे! हात नको लावू त्याला. श्रीकांत, ऑटो बोलाव. माझा चष्मा. तो नाही, कामाचा!"

बोलता बोलता ते उठले, चप्पल घातली, अंगण ओलांडलं, गेट उघडलं. ऑटोत बसल्यावर त्यांना आठवलं की आपण चालत नाही. पण ऑटो निघाला होता.

कुसुमबाई गेटात उभ्या होत्या. हातात काठी होती. ती द्यायची त्या मुद्दाम विसरल्या, असं माझं मत आहे.

वर्कशॉपमध्ये चिंतामणराव एका उलट्या ड्रमवर बसले. लेप खरवडला. धुरी काढायला लावली अन् तिच्या भोकातून टॉर्च मारून माझ्या पोटात बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सुख्या, इकडे ये. काय रंग आहे?"

"नीला है उस्ताद."

"बाहेरून घासला. आतून कोण घासेल?" त्यांनी टॉर्च विझवला. "ज्यानं हा जोड मारला, त्याला त्या दिवशी जेवायची घाई होती."

इतक्या वर्षांत, इतक्या लांब, ज्यानं त्या वेल्डरला कधी बघितलंही नव्हतं त्या माणसानं माझं गुपित एका वाक्यात सांगितलं. मला रडायला पाणी नव्हतं, नाहीतर गंजण्याची रिस्क घेतली असती.

"श्रीकांत, मोबाइलमध्ये माझा फोटो आहे ना? मांडीचा?"

श्रीकांतनं एक्स-रे दाखवला. चिंतामणरावांनी तो मोठा करून रॉडच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत बोट नेलं. मग परत खालून वर.

"जोडच नाही," ते हळूच म्हणाले. "एकसंध आहे थोरला. माल तुटत नाही रे. घाई तुटते."

मग काम सुरू झालं. आधे घंटे का काम पाच तास चाललं. फटीच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे फट पुढे पळत नाही. निळा भाग घासून काढला, स्पिरिटनं पुसला, माझी सगळी भोकं टेपनं बंद केली अन् पोटात आर्गन सोडला. चिंतामणराव ड्रमवरून पुढे वाकले. त्यांनी कोपर सुखरामच्या खांद्यावर टेकवलं.

"हलू नको."

"श्वास घेऊ का उस्ताद?"

"नंतर घे."

ठिणगी विझली तरी त्यांनी वेल्डिंगचा टॉर्च तिथेच धरून ठेवला, गॅस सोडत, मी निवेपर्यंत. माझ्या जन्मात एवढा वेळ कोणी दिला नव्हता. टेप काढून आत बघितलं. बाहेरून चांदी, आतून गव्हाळ.

"गव्हाळ चालतो," चिंतामणराव म्हणाले. "मी कुठे गोरा आहे?"

श्रीकांत खुश झाला. "म्हणजे रविवारी भेडाघाट?"

चिंतामणरावांनी त्याच्याकडे असं बघितलं की सुखरामनं आता कुठे श्वास घेतला. "प्लास्टर काढल्या काढल्या माणूस धावतो का? पहिला महिना वजन नाही. मग अर्धं वजन. डॉक्टरनं मला लिहून दिलं तेच याला."

तेव्हापासून ते रोज सकाळी मला हँडलला धरून फिरवतात. बसत नाहीत, नुसते बाजूनं चालतात. त्यांची काठी भिंतीलाच टेकून आहे. बहुधा टायटॅनियमची रेसिंगवाली काठी जगात मी एकटाच असेन. आधी गेटपर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, आता पोहे-जलेबीच्या ठेल्यापर्यंत. जलेबीचं कुसुमबाईंना माहीत नाही. मला गुपितं ठेवायची सवय आहे.

सहा महिने झाले तेव्हा श्रीकांतनं मला मागितलं. चिंतामणराव म्हणाले, फॅक्टरीत प्रत्येक जोडाचा एक्स-रे काढत. अन् मला घेऊन सरळ एक्स-रेवाल्याकडे गेले.

"पेशंट का नाम?" आतल्या माणसानं वर न बघता विचारलं.

"धाकटा."

"उमर?"

"चार साल."

"मेल या फीमेल?"

चिंतामणरावांनी माझी आडवी दांडी बघितली. "जेंट्स."

मग त्या माणसानं वर बघितलं. पण फॉर्म भरून झाला होता. माझा फोटो निघाला, अन् आता तो खिडकीच्या काचेवर थोरल्याच्या फोटोशेजारी चिकटवलेला आहे. सकाळचं ऊन आलं की आम्ही दोघं भाऊ उजळतो. जोडात एक बुडबुडा नाही.

तरी दर रविवारी श्रीकांत विचारतो, "आबाजी, आता देता का?" त्यानं हँडलला हात लावला की खालून कर्र असा आवाज येतो.

"ऐकलं? अजून दुखतं त्याचं," चिंतामणराव म्हणतात अन् मला घेऊन चालायला लागतात. श्रीकांत त्यांच्या पाठमोऱ्या पायांकडे बघत राहतो अन् हसतो. त्यानं नवी सायकल घेतली आहे, साधी, लोखंडाची.

आवाज माझा नाही, पायडलचा आहे. हे मला माहीत आहे, छत्तीस वर्षं मशिनीत गेलेल्या माणसालाही माहीत असणारच. म्हणून विजय नगरात कुठे आम्ही दोघं दिसलो, तर खुशाल थांबवा, लोहचुंबकही लावून बघा. फक्त एक विनंती आहे. तुमच्याकडे तेलाची कुपी असेल, तर कृपा करून ती खिशातच राहू द्या.