महिपतीकाका राहू द्या

माझी बायको प्रेमला गेली, त्याला सात महिने झाले. तिच्या कपाटात, घडी न मोडलेल्या एका मोरपंखी साडीत गुंडाळलेल्या तीन वह्या सापडल्या. तिने कादंबरी लिहिली होती. मला माहीत नव्हतं. आमच्या मुलीने, दीपमालाने, ती टाईप करून बुधवार पेठेतल्या एका प्रकाशकाकडे दिली. काल त्यांच्या संपादकबाईंनी मला बोलावलं. कात्रजहून बसने गेलो. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

संपादक भाग्यश्री माझ्या मुलीच्याच वयाची होती.

"काका, जिन्याचा त्रास झाला ना?"

"जिना बरा आहे. गुडघे खराब आहेत."

तिने चहा मागवला. "कादंबरी चांगली आहे, काका. अडचण एकच, हा महिपतीकाका. दोनशे पानं नुसता सुपारी कातरत बसतो, आणि उठतो एकदाच."

तो कुठे उठतो ते मला पाठ होतं. वाघोलीची जमीन बिल्डरला द्यायची असते. भाऊ बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला कचेरीत आणतात. आमच्यात बहिणीने वडिलांच्या जमिनीतला हिस्सा भावांना सोडायचा आणि साडी घेऊन घरी जायचं, अशीच पद्धत. हिस्सा मागितला तर माहेर तुटतं. सगळे घाई करत असतात. तेवढ्यात महिपतीकाका, तिच्या वडिलांचा चुलतभाऊ, उठून तिच्या हातातलं पेन काढून घेतो. म्हणतो, "पोरीला आधी वाचू द्या. तिचं नाव हाय त्यात."

"एवढ्यासाठी वेगळं पात्र कशाला?" भाग्यश्री म्हणाली. "नवरा तिथेच बसलाय की! त्याला पुस्तकभर काही कामच नाही. पेन त्याने घेऊ दे. वाचकांना आवडेल. तुम्हालाही आवडेल, नाही का? फक्त हो म्हणा, बाकी मी बघते."

मी चहा पीत राहिलो. हो म्हणायला काय लागतं? दीपमालाने वाचलं असतं, नातवंडांनी वाचलं असतं. नाही म्हणायला प्रेमला नव्हती.

असा काका तिला नव्हता. कचेरी होती, भाऊ होते, मी होतो. पहिलं पान वाचून तिने माझ्याकडे पाहिलं होतं. मी म्हणालो होतो, "वाचायचं काय त्यात? भावच आहेत. कर सही, बस चुकेल." तिने केली. भावांनी मोरपंखी साडी दिली. भाऊबीजेला ते दोन वर्षं आले, मग यायचे थांबले. त्यावर ती मला कधी काही बोलली नाही.

"नवऱ्याला बसू द्या," मी म्हणालो. "तो उठला नव्हता."

भाग्यश्री म्हणाली, "मग महिपतीकाका कोण?"

"कोणी नाही. तिला कोणीतरी हवा होता, म्हणून लिहिला. त्याला काढू नका."

"बरं." तिने टेबलावरून करारनामा माझ्याकडे सरकवला. "शेवटच्या पानावर सही करा, काका."

मी खिशातून चष्मा काढून लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. बारीक टाईप होता. वेळ लागत होता.

"काका, सगळं नेहमीचंच आहे त्यात. बस चुकेल हं तुमची."

"चुकू द्या," मी म्हणालो.